अपडेट पेन ड्राइव्हवर येतो, परवानगी येत नाही

२००९ च्या मे महिन्यात मी आणि माझा भाचा टेंपोतून महाराज बाड्याला निघालो होतो. त्याच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला संगणकाचा सीपीयू होता. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळे दौलतगंजात घरीच ठेवले होते. ग्वाल्हेरचे मे महिन्यातले ऊन ज्याने सोसले आहे त्याला दुपारी दोन वाजता घराबाहेर पडणे म्हणजे काय ते ठाऊक असेल. आम्ही एका सायबर कॅफेत चाललो होतो. पोराने दिवाळीच्या ओवाळणीतून घेतलेला, पावतीसकट जपून ठेवलेला एक गेम पुन्हा ‘चालू करून’ आणायचा होता.

तो गेम काही महिने व्यवस्थित चालला होता. एका टप्प्यावर तो हमखास बंद पडे आणि ती चूक दुरुस्त करणारा अपडेट कंपनीने काढला होता. घरी इंटरनेट नव्हते, म्हणून शाळेतल्या मित्राने तो पेन ड्राइव्हवर आणून दिला. अपडेट बसला, चूक दुरुस्त झाली असावी. पण सुरू होताना गेमने पुन्हा ऑनलाइन ॲक्टिव्हेशन मागितले, आणि कालपर्यंत चालणारी वस्तू आज बंद झाली. कॅफेवाल्याने व्हायरसच्या भीतीने आधी नकार दिला, मग भाच्याचा चेहरा बघून एका संगणकामागची इंटरनेटची वायर काढून आमच्या सीपीयूला जोडली. प्रत्यक्ष ॲक्टिव्हेशनला मिनिटसुद्धा लागले नाही. दोन महिन्यांनी पुढचा अपडेट आला तेव्हा भाच्याने तो घातलाच नाही. अर्धवट चालणारा गेम त्याने तसाच खेळला.

घरी इंटरनेट नसलेल्या माणसाला गेमच्या अपडेटसाठी ऑनलाइन परवानगी का लागते, ती कशी सुरू झाली, तिने कुणाचे काय झाले आणि तिला दुसरा मार्ग आहे का, हे मी तेव्हापासून जमेल तसे वाचत, विचारत आलो आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. गेम सुरू होताना तुमच्या संगणकाच्या सुट्या भागांवरून एक खूण तयार करतो. ती खूण आणि खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर आपल्या नोंदी तपासून एक छोटा परवाना परत पाठवतो. तो फक्त त्याच संगणकावर चालतो. या सगळ्या देवघेवीचे वजन काही किलोबाइट असते. अपडेट मात्र तेव्हाही शेकडो एमबीचा असे, आता तो अनेक जीबींचा असतो. ग्वाल्हेरसारख्या शहरातली अडचण नेमकी या दोन वजनांतून निघते. जड वस्तू आपण मित्राकडून, भावाकडून, दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्याकडून पेन ड्राइव्हवर मागवू शकतो. हलकी वस्तू, तो काही किलोबाइटचा परवाना, कुणाकडून आणता येत नाही, कारण तो आपल्याच यंत्रासाठी, आपल्याच यंत्रावरून मागावा लागतो. आणि गेमची मुख्य फाइल अपडेटमध्ये बदलली की काही कुलपांना तो परवाना नव्याने लागतो.

हे नेहमी असे नव्हते. नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षे अपडेट म्हणजे एक साधी फाइल असे, तिला सगळे ‘पॅच’ म्हणत. ‘डिजिट’सारख्या मासिकांबरोबर सीडी येई. तिच्यात ड्रायव्हर असत, डेमो असत, पॅच असत. नई सडकेवरून अंक आणायचा, सीडी घालायची, पॅच बसवायचा. चोरी रोखायला कंपन्या मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे का एवढे बघत. तेही त्रासाचे होते, सीडीवर ओरखडा पडला की गेम गेला. पण ते कुलूप आणि त्याची किल्ली दोन्ही आपल्या घरात असत.

घराबाहेरच्या किल्लीची सवय आपल्याला गेमच्या आधी विंडोजने लावली. २००१ साली विंडोज एक्सपी आले ते ॲक्टिव्हेशन घेऊनच. तीस दिवसांत कंपनीला कळवा, नाहीतर वापर बंद. तरी त्यात एक दार उघडे होते. इंटरनेट नसेल तर फोन करा. पडद्यावर दिसणारे ५० आकडे सांगा, उत्तरादाखल ४२ आकडे लिहून घ्या. वेळखाऊ काम होते, एक आकडा चुकला की पुन्हा सुरुवात. तरीही ज्याच्या घरी फक्त टेलिफोन आहे त्याला त्यात जागा होती.

गेमच्या बाबतीत खरी कलाटणी १६ नोव्हेंबर २००४ रोजी मिळाली. त्या दिवशी व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ बाजारात आला. दुकानातून खोका विकत घेतला तरी कंपनीच्या ‘स्टीम’ या प्रणालीत खाते उघडून ऑनलाइन परवानगी घेतल्याशिवाय तो चालत नव्हता. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की परदेशांतल्या वेगवान इंटरनेटवाल्यांनाही ताटकळत बसावे लागले. २००७ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘बायोशॉक’ने आधी दोनच संगणकांची मर्यादा घातली, आरडाओरडा झाल्यावर ती पाचवर नेली आणि २००८ च्या जूनमध्ये उठवली. ‘मास इफेक्ट’ २००८ मध्ये पीसीवर येणार होता तेव्हा दर दहा दिवसांनी फेरतपासणी करण्याचा बेत जाहीर झाला. लोकांच्या संतापामुळे तो सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘स्पोर’ला तीनच ॲक्टिव्हेशनची मर्यादा होती. ॲमेझॉनवर खरेदीदारांनी त्याला हजारोंच्या संख्येने एक-एक तारा दिला, आणि टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाच्या यादीत तो त्या वर्षी सर्वाधिक चोरून उतरवलेला गेम ठरला. ज्याला सर्वांत कडक कुलूप, तोच सर्वाधिक चोरीला जावा, यातून बोध घ्यायला हवा होता.

बोध उलटा घेतला गेला. २०१० च्या मार्चमध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आणला तो सतत जोडणीच्या अटीवर. एकट्याने खेळायचा गेम, पण इंटरनेट तुटले की थांबायचा. पहिल्याच काही दिवसांत सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोक बाहेर उभे राहिले. २०१२ मध्ये कंपनीने हे धोरण सोडले. २०१३ च्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’ आला तेव्हा सर्व्हरशिवाय हा गेम चालणेच शक्य नाही असे सांगितले गेले. वर्षभराने, २०१४ च्या मार्चमध्ये, एका अपडेटने तो ऑफलाइन चालू लागला. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या जूनमध्ये एक्सबॉक्स वन या गेम-कन्सोलसाठी दर चोवीस तासांनी ऑनलाइन हजेरीची अट जाहीर केली आणि १९ जूनला, दोन आठवड्यांच्या आत, मागे घेतली.

या सगळ्या माघारी अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांच्या ओरडण्याने झाल्या. त्यांच्याकडे इंटरनेट होते, त्यांना फक्त त्याची सक्ती नको होती. आपल्याकडे चित्र निराळे होते. २०११ च्या जनगणनेत शंभरांतल्या नऊ-साडेनऊ घरांत संगणक होता, पण इंटरनेटसह संगणक जेमतेम तीन घरांत. म्हणजे देशातल्या संगणक असलेल्या दर तीन घरांपैकी दोन घरांत इंटरनेट नव्हते. ऑनलाइन ॲक्टिव्हेशनची सक्ती जगात पक्की झाली ती याच काळात. या घरांतला मुलगा ‘अपवाद’ नव्हता, तोच बहुसंख्य होता. पण गेमच्या खोक्याच्या मागे, बारीक अक्षरांत, जिथे प्रोसेसर आणि रॅम लिहितात त्याच ओळींत, ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’ असे इंग्रजीत छापले की विक्रेत्याचे कर्तव्य संपत होते.

ज्यांच्याकडे इंटरनेट होते त्यांचेही हिशेब सांगतो. २००४ च्या राष्ट्रीय धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केली. या वेगाने एक जीबी उतरवायला सुमारे पावणेनऊ तास लागतात. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डेटाची मोजदाद होत नसे. कितीतरी घरांत त्या वेळेला गजर लावून पोरे उठत आणि डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपत. सहा तासांत पूर्ण वेगाने सुद्धा सातशे एमबीच्या आत-बाहेर पदरात पडे, म्हणजे एका रात्रीत एक सीडी. तेवढ्यात वीज गेली तर निम्मी रात्र वाया. अशा घरात चार जीबींचा अपडेट म्हणजे आठवडाभराचे जागरण होते, आणि त्याशिवाय तो गेम उघडणार नाही असे प्रणालीने ठरवलेले असे. स्टीमला ऑफलाइन राहण्याची सोय आहे, ती कामाचीही आहे, पण आधी एकदा ऑनलाइन येऊन सगळे नीट उतरवलेले असावे लागते. अपडेट अर्धवट असेल तर गेम उघडत नाही. अपडेट नको, जुनेच चालू द्या, हे म्हणायला तिथे सहसा जागा नसते.

कंपन्यांची बाजू मी हलकी मानत नाही. दिल्लीच्या नेहरू प्लेसला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ज्याने त्या काळी चक्कर मारली असेल त्याला प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मिळणाऱ्या चोरीच्या सीड्या आठवतील. ग्वाल्हेरहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येणारे लोक त्या ढिगाने आणत. शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत पन्नास-शंभर रुपयांत विकली जात होती. हे नुकसान खरे होते आणि ते रोखण्याचा कंपनीला हक्क आहे. २०१४ पासून आलेल्या ‘डेनुवो’ या कुलपाने काही गेम आठवडे, कधी महिने चोरांपासून दूर ठेवले, हेही मान्य करायला हवे. पण त्या पिशवीतल्या सीडीला ॲक्टिव्हेशन लागत नसे. ती आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी, इंटरनेटशिवाय, पहिल्या फटक्यात चालत असे. कुलपाचा सगळा भार पडला तो पावती घेणाऱ्यावर. माझ्या भाच्याच्या मित्रांनी त्याला खुळ्यात काढले, आणि मामा म्हणून त्याला प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगताना माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ही शिकवण मिळणे मला आजही फार लागते.

दुसरा मार्ग नव्हता का? होता, आणि तो आपल्याच बाजारपेठेत रोज वापरला जात होता. ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या ज्या पेढ्यांवर संगणकावर हिशेब ठेवतात तिथे टॅली असणार हे गृहीत धरायला हरकत नाही. बेंगळुरूच्या या कंपनीच्या सॉफ्टवेअरलाही ॲक्टिव्हेशन लागते. पण पेढीवर इंटरनेट नसेल तर टॅली विनंतीची एक छोटी फाइल तयार करून देते. ती पेन ड्राइव्हवर घ्यायची, इंटरनेट असलेल्या दुसऱ्या संगणकावर जाऊन पाठवायची, उत्तराची फाइल परत आणून पेढीच्या संगणकात घालायची. सीपीयू उचलून नेण्याची गरज नाही. परवाना त्याच यंत्राचा राहतो, चोरीला वाव मिळत नाही, आणि मुनीमजी खिशात पेन ड्राइव्ह टाकून पायी जाऊन येऊ शकतात. ही सोय करणाऱ्यांना माहीत होते की आपला ग्राहक कुठे बसतो आणि तिथे काय नसते.

गेमच्या जगातही ही युक्ती अज्ञात नव्हती. ‘सिक्युरॉम’ नावाचे जे कुलूप त्या काळी बदनाम होते, त्याच्यातही हाताने ॲक्टिव्हेशन करण्याची तरतूद होती. गेम एक विनंती-संकेत दाखवी, तो दुसऱ्या संगणकावरून भरला की उघडण्याचा संकेत मिळे. म्हणजे तंत्र उपलब्ध होते. ती सोय खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधी छापली गेली नाही, आणि विकणाऱ्या दुकानदारालाच तिचा पत्ता नसे. पुढे सगळे काही स्टीमसारख्या प्रणालींच्या खात्यांत गेले तेव्हा तीही राहिली नाही.

अपडेट कुलूप काढूही शकतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २०११ च्या मे महिन्यात ‘द विचर २’ आणला. दुकानातल्या प्रतीला सिक्युरॉमचे ॲक्टिव्हेशन होते. दोन आठवड्यांच्या आतच आलेल्या पहिल्या मोठ्या अपडेटने ते काढून टाकले, आणि गेम आधीपेक्षा सुरळीत चालू लागला. याच कंपनीने सुरू केलेले ‘जीओजी’ हे दुकान २००८ पासून कुलूप नसलेले गेम विकते. फाइल एकदा उतरवली की ती पेन ड्राइव्हवर, हार्ड डिस्कवर ठेवा, दहा वर्षांनी बसवा, परवानगी कुणाची लागत नाही. अपडेटही तसेच वेगळ्या फाइलच्या रूपात मिळतात. २०१६ चा ‘डूम’ त्याच वर्षीच्या डिसेंबरात डेनुवोमुक्त झाला. म्हणजे विक्रीचा पहिला जोर ओसरला की कुलूप काढायचे, हा मार्ग मोठ्या कंपन्यांनाही परवडतो.

आज परिस्थिती किती बदलली? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइल डेटा स्वस्त झाला. आता फोनचा हॉटस्पॉट लावला की ॲक्टिव्हेशनचे काही किलोबाइट क्षणात येतात. माझ्या भाच्याची अडचण आजच्या मुलाला तशीच येणार नाही, हे मी आनंदाने लिहितो. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही शहरी घरांपैकी ४२ टक्क्यांतच इंटरनेटची सोय होती, आणि त्यातले बरेचसे इंटरनेट फोनवरचे. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर साठ जीबींचा अपडेट उतरवायचा तर चाळीस दिवस लागतात, तेही घरात दुसऱ्या कुणी व्हिडिओ बघितला नाही तर. दुकानात सीडी मिळत नाही, खोका मिळालाच तर आत बहुतेकदा फक्त कागदावर छापलेला नंबर असतो. आधी परवानगी अडत होती, आता मालच अडतो, आणि तो शेजाऱ्याकडून आणून बसवायचा म्हटले तर प्रणाली पुन्हा खाते, पासवर्ड आणि जोडणी मागते.

जोडणी असूनही नसल्यासारखी होते, हेही या शहराने पाहिले आहे. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदात ग्वाल्हेरमध्ये हिंसाचार झाला, माणसे गेली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. त्या दिवसांत गेमचे दुःख कुणी सांगू नये. पण घरात कोंडलेल्या मुलांचे मन रमवण्याचे जे एक साधन होते तेही अनेक घरांत उघडेना, हे मी बघितले आहे. जम्मू-काश्मीरच्या बहुतेक जिल्ह्यांत ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत, दीड वर्ष, वेगवान मोबाइल इंटरनेट नव्हते. जी वस्तू चालण्यासाठी रोज कुणाची तरी हाक लागते, ती अशा काळात सर्वांत आधी मुकी होते.

आणि सर्व्हर बंद करायला दंगलच लागते असे नाही. मायक्रोसॉफ्टने ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ ही आपली ऑनलाइन प्रणाली मागे सोडल्यावर त्यावर बांधलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ २०२० च्या जानेवारीत स्टीमवरच्या विक्रीतून गेला, कारण त्याच्यासाठी नवे सिरियल नंबर तयार होईनात. मार्चमध्ये ते कुलूप काढून तो परत आणावा लागला. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला, एकट्याने खेळण्याचा भागसुद्धा. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या तिच्या नागरिक-मागणीवरच्या सह्यांनी २०२५ च्या जुलैत दहा लाखांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू आहे. डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावे लागते. जी वस्तू कायमची उतरवून ऑफलाइन वापरता येते तिला या अटीतून सूट आहे. मालकी आणि परवानगी यांच्यातली रेषा त्या कायद्याने नेमकी तिथे आखली जिथे आमचा टेंपो निघाला होता.

आपल्या कायद्याकडे बघितले तर स्वत:च विकत घेतलेल्या गेमचे कुलूप तोडणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले. तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात हक्कभंगाचा ‘हेतू’ असावा लागतो. तरी मी कुणाला कुलूप तोडायला सांगणार नाही. चोरांची फाइल घरात घेणे म्हणजे व्हायरसला दार उघडणे आहे, आणि आपली बाजू नैतिक असताना चोरट्या वाटेने जावे लागणे हाच मुळात अन्याय आहे. सरळ वाट आहे ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची. वस्तूबद्दल नीट माहिती मिळणे हा त्यात ग्राहकाचा हक्क आहे, अन्याय्य कराराची व्याख्या आहे, आणि तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. कंपनी सिएटलची असो की पॅरिसची, ग्वाल्हेरच्या माणसाला ग्वाल्हेरातच दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला तर इंटरनेटही लागत नाही.

पुण्यात, मुंबईत, बेंगळुरूत आज गेम तयार करणारी तरुण मंडळी आहेत, त्यातली कितीतरी मराठी घरांतली. त्यांच्याकडे माझे मागणे आहे. तुमच्या गेमला कुलूप लावायचे असेल तर लावा. पण अपडेटची वेगळी फाइल द्या, आणि परवान्यासाठी टॅलीने केली तशी विनंती-फाइलची सोय ठेवा. ती आहे हे विक्रीच्या पानावर, किमतीशेजारी, मराठीत आणि हिंदीत लिहा. आणि एक दिवस सर्व्हर बंद करायची वेळ आली तर शेवटचा अपडेट कुलूप काढणारा असू द्या. माझ्या भाच्याचा तो खोका, पावती आणि सीडी अजून आमच्या घरी कपाटात आहे. त्या गेमचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर केव्हाच बंद झाला आहे.